घरजावयाची निरवानिरव

त्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, गाद्या उन्हात टाकल्या, खाली येऊन दुकानाच्या फळ्या काढल्या आणि एका आरामखुर्चीचे जुने खिळे उपटायला बसले. हे वर दाढी करत होते. मधेच खाली आले, गालाला साबण तसाच, आणि म्हणाले, "स्प्रिंगा मी बांधतो. तू तिरक्या बांधतेस." मी म्हटलं, "आधी तोंड तरी पुसा." ते शेजारी तयार होऊन पडलेल्या दुसऱ्या खुर्चीत टेकले आणि गेले. साबण मी पुसला. पुढे त्या तयार खुर्चीचं गिऱ्हाईक आलं, बसून पाहिलं आणि म्हणालं, "फारच आराम वाटतो हो हिच्यात." मी पैसे मोजून घेतले.

वकील म्हणाले, मृत्युपत्रात हे कशाला? मी म्हटलं, मरणाचा कागद आहे, मरणापासून सुरू केलेला बरा. पुढचं त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिते.

मी, खाली सही करणारी, खुर्चीवाल्याची विधवा, धंदा जुन्या खुर्च्या-कोचांना नवी भर आणि नवं कापड घालण्याचा, वय पेन्शनीचं परंतु पेन्शन नाही, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची अट कायद्यात नाही. हा कागद मी राजीखुशीने करत आहे. कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला ते कसे परत गेले हे त्यांनाच विचारावं.

कागद माझ्याच हातचा आहे. शाळेत मी गेले नाही. जुन्या खुर्च्या फाडल्या की पोटातून वर्तमानपत्रांचे बोळे निघत. ते सरळ करून मी वाचायला शिकले. त्यामुळे मला सगळ्या बातम्या उशिरा कळल्या, पण पाठ झाल्या. नंतर वाचनालय लावलं. अजून लावलेलं आहे. माझ्या मागे एखादं पुस्तक घरात सापडलं तर ते आधी परत करावं, मग रडायचं त्याने रडावं.

मालमत्तेआधी बोजा सांगते, कारण आमच्या घरात तोच आधी जेवतो.

मला एकच मुलगी. तिला पुतळे घडवायचं शिक्षण घ्यायचं होतं. ते महाग होतं. बँकेने शैक्षणिक कर्ज देऊ केलं, पण जामीन मागितला. ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, तेव्हा पगारदार होते. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "माती कालवायला कर्ज काढता? वहिनी, ती तर पोरं फुकट कालवतात." शेवटी ह्यांनी स्वतःच सही केली. बँकेतून घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "पोरगी आहे म्हटल्यावर जावई कधीतरी येणारच होता. हा आधी आला." त्या दिवसापासून कर्जाला आम्ही जावई म्हणू लागलो. पुढे तो घरातून हलेना, तेव्हा घरजावई.

महिना सुरू झाला की हे वरून ओरडत, "त्यांचं जेवण झालं का गं?" म्हणजे हप्ता गेला का. तो गेला की मग आपल्या चपला, आपला नळ, आपला दवाखाना.

मुलगी शिकली, चांगली शिकली. शाळेत मुलांना मातीकाम शिकवायची नोकरी लागली. मग शाळेने मातीकाम बंद करून तिथे कॉम्प्युटर बसवले. बँकेने हप्ते थांबवायची सवलत दिली. आम्हाला वाटलं, जावई जरा बाहेरगावी गेला. तो गेला नव्हता. आतल्या खोलीत बसून जेवत होता. पुन्हा हप्ते सुरू केले तेव्हा आला होता त्याहून जाडजूड होऊन बाहेर आला. व्याजावर व्याज चढतं हे त्या सवलतीच्या कागदावर लिहिलेलं होतं. ह्यांनी तो कागद मला वाचायला दिला नाही, कारण त्यांच्या मते ती आनंदाची बातमी होती आणि आनंदाची बातमी कोणी बारीक वाचत नाही.

आता ती दातांच्या कारखान्यात कवळ्या करते. मेणात दात बसवते, साचा ओतते, घासते, हिरड्यांना रंग देते. तिचा मालक पाहुण्यांना सांगतो, "या बाई लोकांचं हसू घडवतात." ती मला सांगते, "आई, आज अठ्ठावीस दात घासले आणि एकानेही आभार मानले नाहीत." ती पन्नाशीला टेकली आहे. बँकेतून फोन येतो तो मुलगा विचारतो, "विद्यार्थिनी घरात आहे का?" मी सांगते, "आहे. कंबर शेकत पडली आहे."

हे गेल्यावर मी बँकेत जाऊन म्हटलं, जामीन म्हणून आता माझं नाव घाला. साहेब म्हणाले, "आजी, तुमचं वय बसत नाही." मी म्हटलं, "ह्यांचं नाव अजून आहे का तुमच्याकडे?" म्हणाले, "हो, आहे." मी म्हटलं, "मग त्यांचं वय बसतं का?" त्यांनी मला पाणी दिलं.

आता वाटप.

कलम एक. माझ्या तोंडातली कवळी. आमच्या धंद्यात खिळे ओठांत धरतात, एकेक जिभेने पुढे आणतात आणि लोहचुंबकाच्या हातोडीने दातांमधून उचलून ठोकतात. दात पडले तेव्हा हे काम सुटलं. मुलीने कवळी केली तेव्हा पुढच्या दोन दातांत खिळ्याएवढी फट ठेवली. तिच्या मालकाने ती बिघडलेली म्हणून बाजूला काढली होती. ती म्हणाली, "साहेब, हे बिघडलेलं नाही, हे माप आहे." ही कवळी माझ्याबरोबर जाऊ देऊ नये. काढून, धुऊन मुलीला द्यावी. कर्ज काढून जे शिकली त्याचं एवढं चांगलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

कलम दोन. माझे दीर. त्यांना कोपऱ्यातली हिरव्या कापडाची खुर्ची द्यावी. दिसायला उत्तम आहे. डावीकडची स्प्रिंग बसल्यावर वर येते. ती दुरुस्त करू नये.

कलम तीन. हत्यारं. वाकड्या सुया, कात्र्या, पट्टे ताणायचा लाकडी ठोकळा आणि हातोडी मुलीला. ह्यांचा एप्रन कोणाला देऊ नये. धुऊही नये.

कलम चार. दुकान. वरच्या दोन खोल्या मुलीच्या नावे करते, त्याबद्दल वाद नाही. खालचं दुकान मात्र माझ्या मागे शेजारच्या कुलूपवाल्याला विकावं. त्याला भिंत पाडून आपलं दुकान मोठं करायचं आहे आणि पैसे तयार आहेत, हे तो मला भेटेल तेव्हा सांगतो. भाव आमच्यात ठरलेला आहे. त्या पैशांतून पहिल्यांदा घरजावयाला पोटभर जेवू घालून दाराबाहेर काढावं आणि तो गेल्याची पावती घ्यावी. उरेल ते मुलीचं.

यामागचं कारण लिहायला हवं. दुकानासमोर एक चष्मेवाला आहे. भला माणूस. हे असतानाच त्याने मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आमच्या घरात एक जावई आहे. तो जाईपर्यंत दुसरा आणणार नाही. आणि तुमच्या ताटावर तर त्याला मुळीच बसवणार नाही." तो म्हणाला, "ठीक आहे, मी समोरच आहे." तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. अजून तो आठवड्यातून एकदा माझ्या चष्म्याचे स्क्रू आवळायला येतो. माझ्या चष्म्याचे स्क्रू ढिले नसतात. मुलगी कामावरून येईपर्यंत तो ते आवळत बसतो.

दुकान आत्ताच का विकत नाही, असं कोणी विचारेल. मी मुलीकडे विषय काढला होता. ती म्हणाली, "दुकानाला हात लावायचा नाही. बाबांचं आहे ते."

"अगं, तुझं वय काय, तुझं चाललंय काय?"

"जावई माझा आहे, मी सांभाळीन. तू तुझ्या खुर्च्या सांभाळ."

"आणि तो समोरचा?"

"तो काय, काचेमागे आहे. धूळ बसत नाही त्याच्यावर."

मी पुन्हा बोलले नाही. खरं म्हणजे मला बोलायचं नव्हतं. सकाळी फळ्या काढल्या की आत अंधार असतो आणि कापडाचा वास येतो, आणि दिवा लावेपर्यंत हे आत आहेत असं मला वाटतं. रोज वाटतं. म्हणून माझ्या मागे विकावं असं लिहिते.

कलम पाच. मुलीने परीक्षेसाठी घडवलेलं ह्यांचं डोकं, मातीचं, भाजलेलं. ते चष्मेवाल्याने मागून नेलं आणि आपल्या दुकानाच्या काचेत ठेवलं. हे आता तिथे दर महिन्याला नव्या फ्रेमचा चष्मा घालून रस्त्याकडे बघतात. जन्मात कधी ह्यांना चष्मा नव्हता. पण शोभतात. ते तिथेच राहावं.

कलम सहा. माझ्या देहाचं जे स्वस्तात होईल ते करावं. त्यासाठी कर्ज काढू नये.

कलम सात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकील सांगतात. कुलूपवाला दुकान पैसे मोजून घेणार, फुकट नाही, म्हणून तो चालतो. जिन्याखालची शिडी त्याचीच आहे. ती देणगी समजू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदार दोन, कुलूपवाला आणि मागच्या गल्लीतल्या नर्सबाई. मुलगी कामावर होती. वाचून झाल्यावर कुलूपवाला म्हणाला, "वहिनी, म्हणजे तुम्ही जाईपर्यंत मी पैसे उशाशी घेऊन झोपायचं?"

मी म्हटलं, "झोपा. गादी भरून देते."

"थट्टा नको. अंदाजे कधीचं धरू?"

नर्सबाईंनी माझा हात घेऊन नाडी पाहिली. त्यांना सवयच आहे. म्हणाल्या, "हिचं काही होत नाही. नव्वदी गाठेल ही."

"अरे बापरे," कुलूपवाला म्हणाला. "मग पोरगी तेव्हा केवढी असेल?"

"सत्तरीची," नर्सबाई म्हणाल्या. "कवळी स्वतःच करून घेईल, तेवढं बरं."

"आणि समोरचा?"

"त्याचं बीपी मी बघते," नर्सबाई म्हणाल्या. "त्याला मी नव्वदी सांगणार नाही."

कुलूपवाला खिडकीतून समोर बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, सही कुठे करू?" मी जागा दाखवली. दोघांनी माझ्यासमोर, मी दोघांसमोर, अशा सह्या झाल्या.

सही: खुर्चीवाल्याची विधवा. अक्षर माझं आहे, थरथर गुडघ्यांची आहे.
साक्षीदार: कुलूपवाला, शेजारी.
साक्षीदार: नर्सबाई, मागची गल्ली.
स्थळ: दुकानाच्या वरची खोली.
तारीख: महिन्याची पहिली. हप्ता गेला आहे.

पुरवणी, तारीख तीन. कलम चारमधलं दुकानाचं सगळं रद्द समजावं, वरच्या खोल्या मुलीच्याच. बाकी कलमं कायम, दिरांच्या खुर्चीसह. या ओळींवर दोघा साक्षीदारांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत. कारण विचारलं तर असं सांगावं. सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्या काढल्या नाहीत. कुलूपवाल्याला वर बोलावून सौदा पक्का केला, त्याला बरोबर घेऊन बँकेत गेले, कर्ज पूर्ण फेडलं आणि पावती घेतली. दुपारी चष्मेवाल्याला दुकान लवकर बंद करायला लावलं, आणि आम्ही दोघं मुलीच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो.