मुक्ताच्या गाडीची मागची काच

मंगळवार, संध्याकाळ

सगळ्यात आधी टपकल्या त्या शेजारच्या कुसुमवहिनी. नातीच्याही आधी! म्हणे, "टप उघडणारी गाडी कुठाय?" आता आमच्या गल्लीत स्कूटर धड वळत नाही, गाडी कुठून येणार? ती बाहेर मैदागिनच्या चौकात उभी.

मग मुक्ता आणि नातजावई आले. मला कोण आनंद! पण मुक्ताचं तोंड उतरलेलं. सकाळच्या थंडीत कापडी टप मिटताना मागची काच चिरली. काच कसली, जुनं पिवळं प्लास्टिकच ते. म्हणाली, "आजी, रविवारची सारनाथची फेरी रद्द."

रद्द कशी? मी गोधडीची सुई घेऊन तडक मैदागिनला. गोधडीला घालते तसेच बारीक, जवळजवळ टाके घातले. शेवटी दोरा ओढला तर भोकाभोकांवरून सगळी पट्टीच फाटून हातात! नातजावई म्हणतो, "दादी, आपने तो डाक टिकट बना दिया!" मुक्ता हसून हसून रस्त्यातच बसली. आता नवीच काच शिवून घेणार म्हणत दोघं घरी परतली.

तेव्हापासून चैन नाही. कशाला घातले एवढे जवळ टाके? आणि वेळेत नाही झाली तर? कुसुमवहिनींना तर या गाडीतून सारनाथला जाणार म्हणून सांगून बसलेय. भाजी निवडतानाही तेच टाके डोळ्यांपुढे.

मग एकदम सुचलं. टप उघडाच ठेवून जायचं, तर मागची काच हवी कशाला? लगेच फोन लावला.

"आजी, गारठशील!"

"कानटोपी आहे माझी."

रविवारी सकाळी येतायत दोघं.