गाठ आपल्या काठाला आली

गुरुजी, परवा चाकणकडच्या वस्त्यांसाठी दवाखाना कुठं बांधावा, याचं माझं गणित मंजूर झालं, आणि तुमची फळी आठवली.

पिंपरीला तेव्हा पहिल्या कंपनीच्या भिंती चढत होत्या. आपल्या भागाला सातवीपर्यंतची एकच शाळा मिळणार होती आणि पवनेच्या दोन्ही काठांना ती आपल्याकडे हवी होती. माझी चौथी संपत आली होती. "नदीपल्याड पोरगी धाडायची न्हाई," असं वडिलांनी सांगून टाकलेलं. शाळा पलीकडे गेली की माझं शिकणं संपलं.

तुम्ही आडव्या ठेवलेल्या फळीवर नकाशा चिकटवलात, गावागावाच्या जागी भोकं पाडलीत, त्यांतून सुतळ्या खाली सोडल्यात आणि वर सगळ्यांची मिळून एक गाठ मारलीत. दर मुलामागे त्या गावच्या सुतळीला एक खडा. गाठ थांबेल तिथं शाळा, म्हणजे सगळ्यांची मिळून पायपीट कमीत कमी. आपल्या गावचे खडे मी बांधले. चावडीपुढे दोन्ही काठांची माणसं जमलेली. तुम्ही धरलेली गाठ हातातून सोडता आणि ती नदीच्या मधोमध जाऊन थांबते.

"शाळा माशांची काय, गुरुजी?" पलीकडचे पाटील विचारतात. सगळे हसतात. तुम्ही वाकून आपल्या गावची सुतळी बघता.

"तुझा खडा कुठाय?"

"मी पुढं शिकणार न्हाई, गुरुजी."

"ते विचारलं का मी? मोजायला बसलीस आणि स्वतःलाच गाळलंस. असलं गणित चुलीत घाल."

मी खडा बांधला. मागून आई आली, तिनं धाकटीचा बांधला. मग एकेक बाई येत गेली. "तुमच्याही पोरी धरा, पाटील," तुम्ही म्हणालात.

"पोरींचं काय धरायचं, राव?"

गाठ हलली. सरकत सरकत आपल्या काठावर, माळाच्या कडेला आली. "मास्तरांनी खालून ओढली," पाटील म्हणाले. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. पाटलांनी स्वतः गाठ धरून पार त्यांच्या गावापर्यंत नेली आणि सोडली. ती परत आपल्याकडे आली. आपल्या बायका अशा हसल्या की चावडीवरचे कावळे उडाले.

शाळा तिथंच झाली. "दारातच आली म्हणल्यावर जाऊ दे," वडील म्हणाले.

आता सुतळ्यांचं काम संगणक करतो. पण तो सुरू करण्याआधी मी हाताखालच्यांना विचारते, यात कोणाचा खडा राहिलाय? ते याला माझी पद्धत म्हणतात आणि मी म्हणू देते. तुमचं नाव अजून एकदाही सांगितलेलं नाही.