लातूरला नेलेली तूरडाळ

लातूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम,
सप्रेम जयभीम.

आई सुखरूप पोचली. एस.टी.त चोरांचं भ्या वाटतं म्हणून बोरमाळ नांदेडला तुझ्याकडेच ठेवली, असं म्हणाली. लुंबिनीच्या लग्नाला तीन आठवडे उरलेत आणि माझ्या लेकीला आजीची बोरमाळ घालूनच उभं राहायचंय. विष्णुपुरीच्या धरणावर पाट्या वाहून आईने केलेला तो एकच दागिना. तो गेला तर पुन्हा होणार नाही, एवढं ध्यानात ठेव.

पत्र लिहितेय, कारण तू फोन स्पीकरवर टाकून बोलतोस. सोन्याचं फोनवर बोलायचं नाही हा नियम तुझाच, आणि तुझ्यामुळेच तो पाळावा लागतो.

तुझी सावधगिरी मला माहीत आहे. मागे पंचशीलामावशीकडे जाताना तू बसमध्ये दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतास. शेवटी कंडक्टरनेच विचारलं, की साहेब, आत काय हाय. तेव्हा माळ घेऊन येशील तेव्हा ती अंगावर ठेव आणि तिला हात लावत बसू नकोस. गाडी कुठे लावलीस तर सीटवर रिकामी पिशवीसुद्धा सोडू नकोस. पिशवी रिकामी होती हे चोराला काच फोडल्यावर कळतं.

ज्योत्स्नाला आणि मुलांना आशीर्वाद. राग मानू नकोस, माया आहे म्हणून बोलते.
तुझी ताई,
विशाखा


नांदेड, १२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. ज्योत्स्नाने ते दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःच्या आनंदासाठी.

खिशाची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून मी दुसरी जागा शोधलीय. ती तुलाही सांगत नाही आणि ज्योत्स्नालाही नाही. शिवाय मागच्या सीटवर रद्दी भरलेली चांगली चामड्याची बॅग ठेवणार आहे. चोर आलाच तर ती घेऊन समाधानाने जाईल. तू हसशील, हस.

शनिवारी येतो. दाजींना सांग, जेवायला थांबेन. आईला नमस्कार. तुझ्या टोमण्यांसकट तुझी माया हवीच आहे.
तुझा,
प्रीतम


नांदेड, १६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
जयभीम.

काल ऑफिसचा फोन आला म्हणून न जेवता बाजारातूनच परस्पर निघालो, असं तुला कळवलं. ते खोटं होतं.

बोरमाळ मी पाच किलो तूरडाळीच्या पिशवीत तळाशी ठेवली होती आणि पिशवी सीटखाली. डाळ कोण चोरतं, असं वाटलं. तुझ्या घरी पाहुणे भरलेले, तुला बाजूला घेऊन सांगता आलं नाही. चहा घेऊन हारांची ऑर्डर द्यायला बाजारात गेलो, गाडी लावली, आणि दहा मिनिटांत परत येतो तर मागची काच फुटलेली. चामड्याची बॅग नव्हती. सीटखाली हात घातला, तर डाळही नव्हती. तू म्हणालीस तेच झालं. ती बॅग सीटवर नसती तर त्या काचेकडे कुणी पाहिलंही नसतं.

आई पाट्या वाहत होती तेव्हा मी तिथेच झाडाच्या झोळीत असायचो, हे तिने कितीदा सांगितलंय. तिला कोणत्या तोंडाने सांगू? लोह्याजवळ गाडी थांबवून मी खूप रडलो. तू रागव, पण आईला तूच सांग. माझ्याने होत नाही.

माया कमी झाली तरी बोलणं सोडू नकोस.
तुझा,
प्रीतम


लातूर, १९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम,
सप्रेम जयभीम.

बोरमाळ आईच्या गळ्यात आहे. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

तू चहा घेत होतास तेव्हा ह्यांनी तुझी किल्ली उचलून गाडी रिकामी केली. लग्नघरी आलेली पिशवी गाडीत कोण राहू देतं? चामड्याची बॅग तेवढी तुझ्या ऑफिसची समजून सोडली. डाळमिलमध्ये वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या घरी मेहुणा नांदेडहून डाळ घेऊन आला, म्हणून ते दिवसभर फुरंगटून होते.

आईला मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही, तरी डाळ निवडायला तीच बसते. खडा बोटांना कळतो, म्हणते. शेवटच्या सुपात तिची बोटं थांबली. मला सगळं ठाऊकच असेल असं समजून तिने माळ गळ्यात घातली, वरून पदर घेतला आणि उरलेली डाळ निवडली. तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा तिने पदर बाजूला केला. मी तुला लगेच फोन लावत होते, पण आईने हात धरला. म्हणाली, की सोन्याचं फोनवर बोलायचं न्हाई, कागदानंच कळू दे, तवर काच बसवून घेईल. मग मात्र म्हणाली, की लेकरू लई रडलं असंल, आजच टपालात टाक.

ही माळ इतकी वर्षं गव्हाच्या कोठीत, गोधडीत, चुलीमागे राहिली. आईच्या गळ्यात ती पाहिल्याचं मला आठवत नाही. शनिवारपासून ती तिने काढलेली नाही. आता तर शेजारीण आली की पदर आपोआप सरकतो. काल लुंबिनीने सांगून टाकलं, की लग्नात माळ आजीच्याच गळ्यात राहील, मी फक्त तिच्याशेजारी उभी राहीन. हे ऐकून मला रडू आवरलं नाही.

लवकर ये. येताना हात मोकळे ठेव, डाळ इथे मिळते.
तुझी ताई,
विशाखा