पायातली सवत

११ जानेवारी
हिने घोटा मोडला! दिवसभर एवढी मोठी बस चालवली, डेपोत नीट लावली, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. तोही डावा, क्लचचा! हाडात स्क्रू घालावा लागणार.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्याच लॅबचा घालू या की!" आमचा मॅग्नेशियमचा. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो, मग हळूहळू विरघळून जातो. काढायला दुसरं ऑपरेशन नको. हे मी भाषणांत छाती फुगवून सांगतो. आज तोंडातून निघालं, "स्टीलचाच घाला."

१२ जानेवारी
ही भडकली. "लोकांच्या पायात चालतो, बायकोच्या नाही?" मग डॉक्टरांना सांगून मोकळी – "घालाच! लग्न झाल्यापासून या सवतीबरोबर नांदतेय. आता पायातच घेते."
मला हसूही येईना, रडूही येईना.

२ मार्च
एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कडा! धातू विरघळताना वायू सुटतो, त्याची ती. मीच शोधनिबंधात लिहिलंय – घाबरण्याचं कारण नाही. तरी डॉक्टरांना पाच वेळा तेच विचारलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं.

१९ मे
हाड जुळलं! ही पुन्हा बसवर. पहिल्या फेरीला मी मागच्या सीटवर. प्रत्येक गिअरला माझाच पाय दाबला जात होता. हिने आरशातून पाहिलं. "डोळे मिट, नाहीतर उतर!"
मिटले. काय सुरेख चालवते!

६ डिसेंबर
पुढच्या आठवड्यात शेवटचा एक्स-रे. स्क्रूचा मागमूस दिसता कामा नये. आयुष्यात पहिल्यांदाच काही न दिसावं म्हणून जीव टांगणीला लागलाय.

९ डिसेंबर
हिला सकाळपासून मळमळतंय. चहाचा वासही नको म्हणते. धातू अंगात भिनला की काय? सासूबाईंना फोन करून मॅग्नेशियमचं सगळं समजावून सांगितलं. त्या हसतच सुटल्या. यात हसण्यासारखं काय आहे!

१६ डिसेंबर
एक्स-रेवाल्या बाईंनी हिला नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवस गेल्याची काही शक्यता?"
ही माझ्याकडे बघत म्हणाली, "शक्यता कसली, खात्री आहे."
"मग आज फोटो राहू दे."
मी म्हणालो, "अहो, पण स्क्रू –"
"सवतीचं नंतर बघू," ही म्हणाली.
मग कुठे माझी ट्यूब पेटली. मी बाप होणार!