नंदलालचा फ्रीजर आणि माझी मयत

आमगाव, कार्तिक संपता संपता

तीर्थरूप मुन्नीबाईस,

धाकट्या केशोचा दोन्ही हात जोडून नमस्कार. बाई, तुझे गुडघे कसे आहेत? थंडी पडून राहिली आहे, तेव्हा सकाळी अंगणात उघड्या पायांनी फिरत नसशील असं समजतो. तुमचं दवनीवाड्याचं धान मळून झालं का? आमचं घरी आलं. इकडे सर्व ठीक आहे. मी तर विशेषच ठीक आहे, आणि हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या प्रकृतीविषयी तुझ्याकडे जी बातमी आली ती चुकीची होती हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. तरी तुझा राग पाहता, ती खरी निघाली असती तर तुला जास्त बरं वाटलं असतं की काय, असा मला अधूनमधून संशय येतो.

फोन तू उचलत नाहीस. भुपेंद्रला लावला तर तो म्हणतो, "मामा, आई न्हाणीत हाये." सकाळी न्हाणीत, दुपारी न्हाणीत, दुसऱ्या दिवशीही न्हाणीत. बाई, एवढं तर म्हैस पाण्यात राहत नाही. (राग मानू नकोस, आधीचाच पुष्कळ शिल्लक आहे.) म्हणून शेवटी कागद घेतला. भुपेंद्र ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला आज इकडे आला आहे, त्याच्याच हाती हे देतो. पत्र न्हाणीत नेता येत नाही, तेव्हा बाहेर बसून वाचशील.

मूळ गोष्ट तुला माहीत आहे, पण त्या दिवशी तू अर्धीच ऐकलीस म्हणून पुन्हा लिहितो. सुनेच्या, म्हणजे पुष्पांजलीच्या, पोटात जुळं आहे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी सौंदडला व्हायचं, पण तिची आई सुमित्राबाई अंगणात घसरली आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून खाटेवर पडली. आता तिनं लेकीकडे पाहायचं की लेकीनं तिच्याकडे? शुभमची आई, आमची भूमेश्वरी, असती तर हा प्रश्नच आला नसता, पण ती गेल्यापासून या घरात बाईमाणूस म्हणजे एकटी सूनच. म्हणजे बाळंतीणही तीच आणि बाळंतिणीची सोय करणारीही तीच. शुभमला चहा येतो. मला भात येतो (कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजून दिल्या तर). एवढ्या दोन जिनसांवर जुळ्यांच्या आईनं सव्वा महिना कसा काढायचा?

तिनं मोबाईलवर पाहिलं की परदेशातल्या बाया मूल व्हायच्या आधीच महिनाभराचा स्वयंपाक करून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात. मग रोज एक पाकीट काढायचं, गरम करायचं आणि खायचं. मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, पोरी, आपल्याकडे बाळंतिणीला सकाळचं संध्याकाळी देत नाहीत, आणि तू कार्तिकातलं पौषात खाणार? ती म्हणाली, "मामाजी, मग पौषात रोज सकाळी रांधणार कोण?" मी शुभमकडे पाहिलं. शुभमनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर आम्ही दोघं बापलेक फ्रीजर शोधायला निघालो.

घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मटाराची एक पिशवी ठेवली की दार लागत नाही. पाहिजे होती मोठी पेटी. नंदलाल कुल्फीवाल्याची पेटी थंडीत रिकामीच असते, तो म्हणाला, "होळीवरी ठेवा काका, मले काय कराची हाये?" इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं जरा शांतपणे वाच, कारण त्यात माझा दोष फार कमी आहे.

नंदलालची पेटी माणसाएवढी लांब. ओरखडे पडू नयेत म्हणून त्यानं तिच्यावर पांढरी चादर घातली आणि दोरीनं बांधली. टेम्पोला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून लटकत होता. पेटी सरकू नये म्हणून दोन माणसं मागे तिच्यावर हात ठेवून, मान खाली घालून बसली होती. गचके बसून मशीन बिघडू नये म्हणून टेम्पो पायी चालल्यासारखा सावकाश. आणि पुढे मोटारसायकलवर आमचा शुभम, गारठ्यामुळे डोक्याला पांढरा गमछा गुंडाळलेला, आणि सकाळपासून कांदे चिरून डोळे लालभडक. आता तूच सांग, चौकातल्या माणसानं काय समजावं? हल्ली पुण्याकडची पोरं येऊन पोहोचेपर्यंत मयत ठेवायला गोंदियाहून फ्रीजर मागवतात, तो असाच येतो. त्यात मला चार दिवस ताप-खोकला, मी चौकात फिरकलोच नव्हतो. आमच्या शेजारच्या बिसरामनं टेम्पो आमच्या दारासमोर थांबलेला पाहिला आणि कोणालाही काही न विचारता बांबू तोडायला गेला. (विचारायचं कोणाला? घरातल्या माणसांना अशा वेळी त्रास देऊ नये, हे त्याचं म्हणणं, आणि ते वाईट नाही.)

मी त्या वेळी स्वयंपाकघरात मेथीचे पराठे लाटत होतो. सून खुर्चीवर बसून सांगत होती. माझा मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून त्यावर पराठे गोठवण्याचा व्हिडिओ लावला होता, आणि नेमका त्यातच एकामागून एक फोन येत होते. हात पिठाचे, म्हणून मी ते कोपरानं कापत होतो. त्यात तुझेही होते हे मला नंतर कळलं. शुभम टेम्पो दाराशी सोडून पेटीसाठी लांब वायर आणायला परत गेला होता. बाहेर माणसं जमल्याचा आवाज आला, मला वाटलं, पेटी उतरवायला आले. मोहल्ल्याचं कौतुक वाटलं. खिडकीतून पाहिलं तर बाया तोंडाला पदर लावून बसलेल्या. मला वाटलं, कांद्याची झळ तिथपर्यंत जाऊन राहिली. तेवढ्यात मोहल्ल्यातल्या ईश्वरदासचा आवाज ऐकू आला, "केशोराव मानूस चांगला होता. माही शिडी नेली त वापस नाही केली, पन चांगला होता." मी मनात म्हटलं, स्टेशनाजवळचा केशोराव गेला वाटते, बिचारा. शिडी तर मीही आणली आहे, ती आता देऊन टाकली पाहिजे.

आणि मग तू आलीस. भुपेंद्रच्या गाडीवरून उतरल्यापासून तू जो सूर धरलास तो मी जन्मात विसरणार नाही. "माह्या भावा, माह्या केशोबा, आता दिवाळीले माह्या दारात कोन येईल गा, मले बाई म्हणून हाक कोन मारील गा," असं तू म्हणत होतीस. आई गेली तेव्हाही तू एवढी रडली नव्हतीस. मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात आलो आणि कोण गेलं म्हणून विचारलं. माझ्या तोंडाला, मिशीला, भुवयांना सगळं पीठ लागलेलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. तू मला पाहिलंस आणि मटकन खाली बसलीस. मागच्या दोन बाया पळाल्या. बिसराम बांबू घेऊन येत होता, तो बांबूसकट फाटकातच थांबला आणि हळूच म्हणाला, "म्हनजे नाही का?"

तू सावरलीस तेव्हा पहिला प्रश्न केलास, "मेला नाहीस त फोन काऊन नाही उचलला?" मी खरं ते सांगितलं, "बाई, पराठे करून राहिलो होतो." त्यावर तू जे बोललीस ते इथे लिहीत नाही, सून पत्र वाचते. मग तुला ती पेटी दिसली. तिच्यात काय ठेवणार हे पुष्पांजलीनं नीट समजावून सांगितलं, नंदलालनं शपथेवर सांगितलं की हिच्यात कुल्फीशिवाय आजवर काही ठेवलेलं नाही, पण तू ऐकलं नाहीस. "मयत ठेवाच्या पेटीत बाळंतिणीचं शिळं खानं? हे पाहाले आली का मी रडत रडत?" आणि वरून, "आता खरोखर मरशील तवाच या घरी येईन." पाणीही न पिता गेलीस. भुपेंद्रनं माझ्याकडे पाहून नुसते खांदे उडवले आणि गाडीला किक मारली.

तू गेल्यावर अंगणात पन्नासेक माणसं उरली. मयतीच्या घरी कोणी खात नाही, आणि जिथे मयतच झाली नाही तिथून उपाशीही जाता येत नाही. मेलेला माणूस समोर उभा राहिला तर तोंड गोड करूनच जायला पाहिजे, असा निकाल बिसरामनं दिला. मग काय, सकाळपासून केलेले पराठे, लाखोळीची डाळ, पालेभाजीचा गरगट्टा, डिंकाचे लाडू, पेटीत जायच्या आधीच सगळं पंगतीत गेलं. लोकांनी दोनदोनदा वाढून घेतलं. ईश्वरदास म्हणाला की माझ्या हाताला एवढी चव असेल असं त्याला मी जिवंत असताना कधी वाटलं नव्हतं. पुष्पांजली खुर्चीवरून हे पाहत होती. आधी ती पोटावर हात धरून हसली, खूप हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बाया खाता खाता थांबल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, सकाळपासून करून राहिलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी बिसरामची बायको डबा घेऊन आली. तिच्यामागून ईश्वरदासची आली, मग नंदलालची आई. खाल्लेलं अंगावर ठेवायचं नाही म्हणून मोहल्ला लागोपाठ तीन दिवस येत राहिला. काय गोठतं आणि काय नाही याची कोणाला कल्पना नव्हती. एकीनं बटाट्याचा रस्सा दिला, तो गोठून परत वितळला तेव्हा बटाट्याचा स्पंज झाला होता. एकीनं काकडीची कोशिंबीर दिली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. तळ्यावरून अख्खे मासे आले. आणि भात. बाई, ज्या घरात धानाची पोती छताला लागली आहेत तिथे शिजलेला भात पिशवीत भरून बर्फात ठेवायचा, हे करताना मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. पाकिटांवर बारीक नावं लिहिली तर शाई पसरून वाचता यायची नाहीत, म्हणून मी मोठी चित्रं काढली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, तरी शुभमला माझी मेथी मोराचं पीस वाटते आणि सुरण उंदीर वाटतो. त्यानं आधी शाळेत लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

तर सांगायचं म्हणजे पेटी गच्च भरली आहे, व्यवस्था चोख आहे, आम्हाला कशाचीही गरज नाही. तू अगदी निवांतपणे रागावून राहा. तुझ्या तब्येतीला जप. भुपेंद्रला आशीर्वाद. बाकी भेटीत, म्हणजे तुझ्या अटीप्रमाणे जेव्हा केव्हा होईल तेव्हा.

तुझा (हयात) भाऊ,
केशोराव

ता.क. तुझ्या अटीचा मी विचार केला. पण मी खरंच मेलो तर पराठे कोण लाटील, हा प्रश्न राहतोच.

ता.क. दुसरा. काल संध्याकाळी सुनेनं मला विचारलं, "मामाजी, दोघंही एकाच वेळी रडली त आधी कोणाले उचलाचं?" मी म्हणालो, जो जास्त रडेल त्याला. ती म्हणाली, "आणि सारखीच रडली त?" बाई, तीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण मी उठलो आणि उगाच पेटी पुसायला लागलो. आपल्या सगळ्या नात्यात जुळं वाढवलेली तू एकटी आहेस. भुपेंद्र आणि रिंकी रडायचे तेव्हा तू आधी कोणाला उचलायचीस? हे पत्रानं कळवू नकोस. लिहून समजेल असं मला वाटत नाही.

ता.क. तिसरा. आत्याबाई, मी पुष्पांजली. मामाजी पत्राचं पाकीट शोधायला आत गेले आहेत तेवढ्यात लिहिते. पेटी भरलेली नाही. चव पाहतो, चव पाहतो म्हणत या दोघांनी अर्ध्याच्या वर संपवली, आणि उरलेल्यात बहुतेक भातच आहे. मामाजी रोज सकाळी पेपर आणायला म्हणून बसस्टँडवर जातात आणि तुमच्याकडून येणारी गोंदियाची गाडी रिकामी झाली की परत येतात. पेपर तर आपल्या घरी येतो. त्यांना वाटतं मला माहीत नाही. तुम्ही म्हणाल ते मी खाईन, ताजं म्हणाल तर ताजं. शिळं असलं तरी मला चालेल, आत्याबाई, पण एकटीनं नाही चालणार. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी भरती व्हायला सांगितलं आहे. सोमवारी या.