हैदराबाद रस्त्याची मोजणी

३ ऑगस्ट १९७४, शनिवार

हैदराबाद रस्ता रुंद होणार म्हणे. पुण्याहून आलेले तिघे नाक्यावर खुर्च्या टाकून वाहनं मोजत बसले होते. आज! नारळी पौर्णिमेला! शहराचा सगळा पूर्व भाग, विणकरांची वस्ती, त्यांच्या मार्कंडेयाच्या रथामागे. माग बंद, विडी कारखाने बंद. विड्यांची टोपली घेतलेली एक बाई रस्त्यावर दिसेल तर शपथ.

विचारलं, पायी चालणाऱ्यांचा रकाना कुठे?

त्यांतला एक म्हणाला, “आजी, मोजणीत माणसं धरत नाहीत. वाहनं धरतात. बैलगाडी रस्ता अडवते, म्हणून ती आठ मोटारींइतकी.”

आजी! अजून साठी गाठायची आहे माझी.

२९ ऑगस्ट

नकाशा बघायला इंजिनिअरच्या कचेरीत गेले. लोकांसाठी भिंतीवर लावलाय, पण इतका उंच की लोकांनी शिडी आणावी. रस्ता दुप्पट, फुटपाथ नाही. खाली लिहिलंय, ‘पादचारी वाहतूक नगण्य.’

नगण्य! समोरच्या रत्नम्माची बहीण सावित्रम्मा कारखान्यात विड्या द्यायला निघाली होती, ट्रकनं उडवली. तेव्हा मी इस्पितळात मेट्रन. नोकरीचा शेवटचा महिना. ती गेल्यावर तिच्या केसांतली तंबाखू मीच धुतली. रत्नम्मा आजही त्याच कडेनं जाते. दुसरी वाट आहे कुठे?

इंजिनिअर उपळेकरांना शुद्ध इंग्रजीत सुनावलं. नर्सिंग शिकताना नन्सनी आम्हांला आवाज न चढवता माणूस खाली बसवायला शिकवलं होतं. ते खरंच खाली बसले. सोमवारी सकाळी नाक्यावर या म्हटलं. ‘येतो’ म्हणाले. बघू.

२ सप्टेंबर, सोमवार

आले! जीप घेऊन. कारखान्याची वेळ झाली आणि बायका निघाल्या—डोक्यावर विड्यांच्या टोपल्या, काखेत पोरं, एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला गटार. जीप मध्येच अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि या ढिम्म!

रत्नम्मानं जीपमध्ये डोकावून विचारलं, “साहेब, बैलगाडीला आठ मोटारी धरता म्हने. मग मला अर्धी तरी धरा की!”

बायका खो खो हसल्या. उपळेकरही हसले. तेवढ्यात एक ट्रक रत्नम्माचा पदर घासून गेला. मग ते हसले नाहीत.

“मॅडम, पुन्हा मोजतो.”

काय बाई ही रत्नम्मा! मेट्रन असताना असली एक मिळाली असती तर अख्खं इस्पितळ सरळ केलं असतं.

५ सप्टेंबर

मोजणी चालू. रकाना आहे!

१४ नोव्हेंबर

नवा नकाशा लागला. दोन्ही बाजूंना फुटपाथ, कडेला कठडा. उंची माझ्या डोळ्यांइतकी—नकाशाची. त्याचंही श्रेय मीच घेते.

रत्नम्मा पेढे घेऊन आली. “अक्का, तुमी भांडलात म्हनून झालं.”

“मी नुसती बोलले. चाललीस तू.”

“बोललात बी लई की!” म्हणाली, आणि एक पेढा स्वतःच खाल्ला.

इतकी ताठ मान नोकरीत कधी नव्हती.

१९ नोव्हेंबर

आज माझ्या भिंतीवर पाडकामाची लाल रेघ मारली. फुटपाथ माझ्या ओसरीतून आणि पुढच्या खोलीतून जातो. उपळेकर स्वतः आले होते. नजर वर करेनात. “मॅडम, या बाजूचा फुटपाथ रद्द केला तर घर वाचेल. तुम्ही म्हणाल तसं.”

रेघ वाकडी आली होती. रंगाऱ्याला पुसायला लावली आणि सरळ मारून घेतली.