सत्तेचाळीस नंबरचा मुलगा

मोताळा,
सोमवार, १८ ऑगस्ट

चि. इरा,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. आईचा गुडघा तू सांगितलेल्या व्यायामाने पुष्कळ कमी दुखतो, पण श्रेय ती गरम पाण्याच्या पिशवीला देते. तुझ्या फिजिओथेरपीच्या पदवीचा आमच्या घरात एवढाच मान आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

तू म्हणालीस, "बाबा, फोनवर नको, लिहून कळवा. फोनवर तुम्ही विषय बदलता." मी विषय बदलतो हा आरोप मला अजिबात मान्य नाही. असो. यंदा कापसाची पऱ्हाटी बरी आहे.

हे लिहून झालं की आई पानांचे फोटो काढून तुला पाठवणार. तुमच्या लग्नाला हो की नाही, याचं पुढच्या मंगळवारच्या आत उत्तर पाहिजे, ही तुझी अट ध्यानात आहे. त्या दिवशी तुझ्या नोलनच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघातल्या नव्वद पोरांपैकी त्रेपन्न ठेवणार आणि बाकीच्यांना घरी पाठवणार. "निवड झाल्यावर हो म्हणालात तर ते संघाला म्हणाल, आणि निवड हुकल्यावर नाही म्हणालात तर ते बेकारीला म्हणाल. मला माणसाबद्दलचं उत्तर हवंय," हे तुझं वाक्य आईने मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. वाक्य चांगलं आहे. उत्तराकडे येतोच. आधी सामना.

काल सकाळी, म्हणजे तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, आपल्या बैठकीत मुलगा पाहण्याचा कार्यक्रम झाला. कार्यक्रमच म्हणायचा, कारण आईने दिवाणावर नवी चादर टाकली, स्वतः ठेवणीतली साडी नेसली आणि मलाही बनियनवर बसू दिलं नाही. मी म्हटलं, "अगं, आपण त्याला बघणार आहोत, तो आपल्याला नाही." तर म्हणे, "तरी पण." पोहे केले, श्रावण म्हणून बिनकांद्याचे. तुझे कडूबाकाका मळ्यातले दोडके द्यायला आले ते तिथेच बसले. तालुक्याच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा आणि तो उजवा. तेव्हापासून माझ्या घरच्या प्रत्येक निर्णयात आपलं एक मत असतं असं तो समजतो.

आईने फोन टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण रेंज अशी की पाठीवरचे आकडे तेवढे दिसायचे, नावांच्या जागी मुंग्यांची रांग. तू सांगितलं होतंस, निळा सदरा, नंबर सत्तेचाळीस. चेहरा दिसायची सोय नाही, कारण सगळ्यांच्या तोंडावर जाळीचं हेल्मेट. कडूबा म्हणाला, "पोरगं पाह्याले बसलो अन् पोरगं तोंडच दाखवून नाही राह्यलं. आपल्या काळी पोरीबी इतका पदर नोत्या घेत."

आता खेळाडूंबद्दल माझं मत. जन्मभर तहसिलीत फायली सरकवल्या आणि रविवारी कबड्डीची पंचगिरी केली, अशा माणसाचं ते मत आहे, तेव्हा गंभीरपणे वाच.

सुरुवातीला मी वैतागलो. चार सेकंद झटापट आणि मग अर्धा मिनिट सभा, हा काय खेळ? पण चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू गमवायचा, हे गणित कळलं आणि मग जागचं उठवेना. निळ्यांचा पहिला कप्तान, तो चेंडू फेकणारा, मला फार आवडला. अंगावर धटिंगण धावून येताहेत आणि हा भाजी निवडायला बसल्यासारखा शांतपणे माणूस शोधतोय. दुसऱ्या सत्रात त्याच्या जागी आलेला मात्र घाबरट. चेंडू हातात आला की कुठेतरी भिरकावून मोकळा. अकरा नंबर पळतो सुरेख, पण सोपे झेल सोडतो. त्याला पास करणं मला शक्य नाही. पुढच्या फळीतले पाच आडदांड मला पटले. त्यांना चेंडूला हात लावायला मिळत नाही, त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही, नुसतं समोरच्याला अडवून धरायचं. त्यातला बहात्तर नंबर आईला पसंत पडला. "याला घरी नीट जेवायला घालत असतील," म्हणाली. एक किडकिडीत पोरगा तर फक्त लाथ मारण्यापुरता मैदानात येतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. कडूबाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या नोकरीचा हेवा वाटला. आणि पंच! काही चुकलं की खिशातला पिवळा रुमाल काढून फेकतात, की सगळं मैदान गप्प. मोताळ्यात मी रुमाल काढायचो तो घाम पुसायला, आणि देऊळघाटच्या संघाशी सामना असला की नाकातलं रक्त पुसायला.

आणि मग आमचा सत्तेचाळीस.

काय सांगू तुला! कप्तानाने त्याच्या पोटात चेंडू खुपसला आणि पोरगा त्या गर्दीत असा घुसला की मला वाटलं, गेला. तर दुसऱ्या बाजूने बाहेर! एकाने सदरा धरला, तो झटकला. एक पाठीवर चढला, त्याला तसाच घेऊन पळाला. कडूबा नव्या चादरीवर पायांसकट उभा. "पळ जावईबापू, पळ! मांगं नको पाहू बे!" आई हात जोडून. मी काय करत होतो ते आठवत नाही, पण शेवटच्या रेघेपलीकडे पोरगा आडवा झाला तेव्हा माझी पोह्यांची बशी जमिनीवर होती.

आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात जागेवर होकार देत नाहीत. चहा प्यायचा, पानसुपारी घ्यायची आणि "घरी जाऊन निरोप पाठवतो" म्हणायचं. मी स्वतः किती स्थळांना हे सांगितलं असेल. पण काल मी तिथल्या तिथे धाड गावी सत्यभामाआत्याला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "अक्का, मुलगा पाह्यला. पसंत आहे मले!"

हो, इरा. हे शब्द माझ्याच तोंडचे. कडूबा आणि आई साक्षीला आहेत, त्यामुळे नाकारताही येत नाही.

दुसरं सत्र सुरू झालं. सगळी नवी पोरं उतरली. निळ्यांनी चेंडू लांब लाथाडला आणि सगळे धावत सुटले. त्यातल्या एका निळ्याला समोरच्याने अशी धडक दिली की तो उताणा पडून घरंगळत गेला. मला राहवलं नाही. "हे कुठून धरून आणलं बे? बसवा त्याले बाहेर!"

आई म्हणाली, "अहो, याच्याही पाठीवर सत्तेचाळीसच आहे."

"मग तोच असेल. दमला असेल."

"नाही. त्याचे मोजे घोट्यावर उतरलेले होते. याचे गुडघ्यापर्यंत ताठ आहेत."

मी काही बोलणार तोच तुझा मेसेज आला. आईने मोठ्याने वाचला. "तो उतरला! आजच्यात पहिल्यांदाच! दिसला का?"

सराव सामन्यात पोरंच इतकी असतात की एकच आकडा दोघांना देतात, एक चढाईच्या फळीतला आणि एक बचावातला, हे तू नंतर समजावून सांगितलंस. आधी सांगायला काय झालं होतं?  इकडे कडूबा म्हणाला, "भालचंद्रा, तू त परक्याचं पोरगं पसंत करून बसला लेका."

मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. आता खरा कार्यक्रम सुरू झाला, आणि पोहे संपलेले.

तुझा नोलन मी नीट पाहिला. खोटं लिहिणार नाही. पहिल्यांदा उताणा पडला, ते झालंच. नंतर एकदा गड्याला कमरेत धरलं आणि तो निसटून गेला. एकदा तर चुकीच्या दिशेलाच धावला. पंच म्हणून माझ्याजवळ गुण देण्यासारखं काही जमेना. फक्त एक गोष्ट पाहिली, की पडला की तो लगेच उठतो. कुणाकडे बघत नाही, हात झटकत नाही, उठतो आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो.

मग शेवटी शेवटी ते घडलं. निळे हरत होते, आणि तसंही सराव सामन्याच्या निकालाला कोण विचारतं? पांढऱ्यांचा एक वेगवान गडी चेंडू घेऊन पार डाव्या कडेने सुटला. जवळच्या दोन निळ्यांनी पळणं सोडलं. कडूबा म्हणाला, "गेलं. आता काय सापडते तो." मीही तेच म्हणणार होतो. पण उजव्या कडेकडून एकटा सत्तेचाळीस, मोजे ताठ, अख्खं मैदान तिरपं कापत येत होता. पोचणार नाही हे आम्हाला दिसत होतं. त्याला दिसत नसावं. रेघ चार पावलांवर असताना त्याने जमिनीवर झेप घेतली आणि एका हाताने त्या गड्याचा घोटा धरला. नुसता घोटा! तो रेघेच्या अलीकडे कोसळला.

इरा, ही घोट्याची पकड आहे. ही डाव्या कोपऱ्याची पकड आहे! मी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. ही कुणाला शिकवून येत नाही, कारण तिच्यासाठी आधी आपल्याला मातीत पडावं लागतं. वर तुझ्या पठ्ठ्याने उठून त्या पांढऱ्याला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. आई रडत होती. मी उभा कधी राहिलो ते माझं मला कळलं नाही. कडूबा माझा दंड दाबून म्हणत होता, "हा त आपलाच गडी निघाला बे! आपल्याच मातीतला!" मातीचं काही खरं नाही, पण मला त्या क्षणी पटलं.

मग अक्काला परत फोन करणं भाग होतं. तोवर तिने अर्ध्या धाडला पसंती कळवली होती.

"अक्का, थोडा बदल आहे. तो पोरगा वेगळा होता."

"म्हंजे? दोन-दोन पोरं आहेत का पोरीचे?"

"नाही वं, नंबर एकच आहे, पोरं दोन आहेत. आपला दुसरा."

"मले काही समजून नाही राह्यलं. पण एक सांग. मघाशी तू पसंत आहे म्हणून बोंबलला, तवा तुले त्याची भाषा नाही आठवली? त्याचं खाणंपिणं नाही आठवलं? वरीसभर त तेच सांगून राह्यला सगळ्यायले!"

मी म्हटलं, "अक्का, आवाज नीट येत नाही," आणि फोन ठेवला.

आवाज अगदी स्वच्छ येत होता. कालपासून तेच डोक्यात आहे. पोरगा पळत होता तेवढा वेळ मला त्याची भाषा आठवली नाही, खाणं आठवलं नाही, बिनभरवशाचं काम आठवलं नाही. म्हणजे ही कारणं खरी नव्हती. खरं कारण मी कधी बोललोच नाही. तू तिकडे लग्न केलंस की तू परत येणार नाहीस, एवढंच ते होतं. दोन वर्षं शिकून परत येते म्हणून तू गेलीस आणि मी ते धरून बसलो. "त्याचं काम पक्कं नाही" हे म्हणता येतं. "पोरी, तू घरी ये, मला तुझ्याशिवाय करमत नाही" हे म्हणता येत नाही. आता लिहिलं. मला तुझ्याशिवाय करमत नाही. तरी पण तू ये असं मी म्हणणार नाही.

कारण काल सामना संपल्यावर तू फोन केलास आणि आईने तुला आमचा घोटाळा सांगितला. तू इतकी हसलीस की तुला बोलता येईना. मागे कुणीतरी तुला काय झालं म्हणून विचारत होतं, तू त्याला हसत हसत सांगत होतीस, आणि मग तोही हसायला लागला. माझी इंग्रजी तहसिलीपुरतीच, पण हसणं कळलं. फोन स्पीकरवर होता. तुम्ही दोघं तिकडे आणि आम्ही तिघं इकडे, बराच वेळ नुसते हसत होतो. एवढं हसलेलं घर मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

तर उत्तर. हो. मनापासून हो. हा निरोप घरी बसून, विचार करून, सही करून पाठवतो आहे, आणि यावेळी मुलगा तोच आहे याची आईने खात्री करून घेतली आहे.

मंगळवारच्या आत त्याला सांग. त्याची निवड व्हावी म्हणून आई बालाजीला काहीतरी बोलली आहे, ते त्या दोघांचं ते बघतील. निवड झाली, तर हंगाम संपल्यावर दोघं या. नाही झाली, तर दिवाळीलाच या. आमचा दोन्हीकडून फायदाच आहे.

तुझा, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचाही,
बाबा